दुसरी माफी

कामगारांच्या कॅम्पच्या कुंपणालगत सात खजुरी आहेत. त्यांचे घड पुन्हा पिवळे व्हायला लागले आहेत. सौदीच्या किनाऱ्यावरच्या अल खफजीत या दिवसांत हवेला दोनच चवी असतात. समुद्राकडून आली तर मिठाची, वाळवंटाकडून आली तर खडूची. सकाळी खोलीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि ऑफिसपर्यंत पोचेस्तोवर ती सुकून काचेवर पांढरट डाग राहतो. त्या डागातून मी खजुरींकडे बघतो. दर उन्हाळ्यात ठरवतो की यंदा बघायचं नाही, आणि दर उन्हाळ्यात घड मोजून होतात.

यंदा घडांबरोबर एक यादीही आली आहे. कुठल्या कामांवर यापुढे फक्त सौदी माणूस बसेल, त्याची यादी. ऑफिसच्या दारावर ती चिकटवली आहे आणि तिच्यात खालून तिसरी ओळ माझी आहे: टाइमकीपर. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोण आलाच नाही, हे लिहिणारा. माझ्या जागेवर येणारा फहद सध्या समोरच्या खुर्चीत बसून टाइमशीट शिकतो. पंचविशीतला, सभ्य मुलगा. घरून थर्मासमध्ये कॉफी आणतो आणि पहिला कप मला ओततो. त्याच्यावर राग धरायचा म्हटलं तरी जमत नाही.

आणि तो हक्क तरी मला कुठे आहे? माझे वडील खेडच्या बाजूला एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरी गाद्यांखाली पत्रकं असायची. घडी नीट बसावी म्हणून ती तिथे ठेवायची पद्धत होती. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. 'स्थानिकांना आधी काम द्या' अशा मथळ्याचे गठ्ठे मी शाळेतून आल्यावर तीन घड्या घालून लावले आहेत, प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखाने दाबून. आता समुद्राच्या दुसऱ्या काठावर तेच पत्रक निघालं आहे आणि मी त्याच्या चुकीच्या बाजूला उभा आहे. मजकूर तेव्हाही बरोबर होता. आजही बरोबरच म्हणावा लागेल.

परवा फहदला जुनी रजिस्टरं दाखवत होतो. एका पानावर त्याचं बोट थांबलं. एका नावासमोर महिनाभर गैरहजेरीचे 'A', सगळे एकाच निळ्या पेनाने काढलेले, एकाला लागून एक.

"हा कोण?"

"रिगर होता."

"मग कुठे गेला?"

मी म्हटलं, "कॉफी निवतेय तुझी."

त्याच संध्याकाळी मेसच्या टीव्हीवर जनरल दिसला. तांबड्या समुद्रापलीकडच्या एका देशाचा तो आता राज्यकर्ता आहे. देशाचं नाव मी लिहीत नाही. गच्चीवर उभा होता, छातीवर पदकं, हनुवटीखाली कातडी लोंबायला लागलेली. खालून पट्टी सरकत होती: उत्तरेतल्या बंडखोरांना माफी; शस्त्रं खाली ठेवावीत, नावं नोंदवावीत, घरी जावं. माझ्यासमोर इस्माईलभाय जेवत होता. दाभोळचा आहे, कॅम्पची मोठी क्रेन तोच चालवतो. पट्टी वाचता वाचता त्याचा घास हातातच राहिला.

"ही तिसरी," तो म्हणाला, आणि ताट सारून उठला.

दुसरी माफी मला ज्याने सांगितली त्याला आम्ही चाचा म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेला, उंच, गालफडं बसलेली, चालताना खांदे अजिबात न हलणारा माणूस. काम रिगरचं, म्हणजे क्रेनच्या आकड्याला ओझं बांधायचं आणि खालून क्रेनवाल्याला सांगायचं की वर घे, खाली सोड, थांब. बाकीचे रिगर हे वॉकी-टॉकीवर सांगत. चाचा वॉकी-टॉकीला हात लावत नसे. सेफ्टीच्या साहेबाने एकदा तो त्याच्या पट्ट्याला स्वतः अडकवला. साहेब वळल्यावर चाचाने तो दोन बोटांनी काढून वाळूवर ठेवला, विंचू ठेवावा तसा. त्याचं सगळं हातांवर चालायचं. तर्जनी आकाशाकडे करून मनगट फिरवलं की वर. बोट जमिनीकडे करून फिरवलं की खाली. हात लांब करून, तळवा जमिनीकडे ठेवून आडवा हलवला की थांब. इस्माईलभाय म्हणायचा, "त्याचा हात थांबला ना, की माझा श्वासपन थांबतो. बायकोचा पन मी येवडा ऐकला नाय कधी."

चाचाच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, त्याचा धंदा लिहिला होता शेतमजूर. त्याचा कफील, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर तो या देशात होता तो, कुणी मळेवाला होता आणि चाचा त्याला आयुष्यात दोनदा भेटला होता. कागदावर एक काम आणि हातात दुसरं, हा प्रकार तेव्हा सर्रास होता. कुणाला त्याचं काही वाटत नसे. चाचाला वाटायचं. म्हणून कुंपणालगतच्या सात खजुरी त्याने आपण होऊन सांभाळायला घेतल्या होत्या. थंडी सरताना नर झाडाचा तुरा आणून मादी झाडांच्या फुलोऱ्यात हाताने खोचायचा. उन्हाळ्यात घड पिवळे व्हायला लागले की पक्षी आणि गांधीलमाश्या लागू नयेत म्हणून त्यांना जाळीच्या पिशव्या बांधायच्या. "रोज थोडी शेती केली की कागद खरा राहतो," तो म्हणायचा. आम्ही कॅम्पच्या हिंदीत बोलायचो, अरबी मिसळलेल्या. मी ते इथे मराठीत लिहितो आहे.

भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी असते. यार्ड एकदम गप्प होतं. क्रेनचा आकडा हवेत तसाच राहतो, पत्र्याचे कंटेनर उन्हाने कडकड वाजतात, कुंपणाबाहेर एखादं मांजर गाडीच्या खाली लांब होऊन पडलेलं असतं. त्या तीन तासांत चाचा भांडाराच्या सावलीत बसून मेसमधल्या कांद्याच्या लाल जाळीदार गोणी फाडायचा आणि दाभणाने त्यांच्या पिशव्या शिवायचा. मी गोणीचं दुसरं टोक धरून बसायचो. माझं वय तेव्हा तेवीस. गोणीला कांद्याचा वास असायचा, त्याच्या सदऱ्याला ग्रीसचा. मी एकदा सहज विचारलं की रेडिओची एवढी भीती कशाची. त्याने दोरा दाताने तोडला आणि पुलापासून सुरुवात केली.

देशात आपसांतली लढाई पेटली तेव्हा जनरल साधा लेफ्टनंट होता आणि त्याच्या ताब्यात एक रेल्वेचा पूल होता. वरचे अधिकारी राजधानीकडे पळाले. मागे चाळीस माणसं उरली आणि तो. अख्खा पावसाळा त्यांनी पूल सोडला नाही. आधी खेचरं खाल्ली, मग खेचरांचे पट्टे उकळून खाल्ले. चाचा त्या पुलाजवळच्या गावातल्या मास्तरांचा मुलगा. लिहिता-वाचता येत होतं, आवाज स्वच्छ होता, म्हणून त्याला वायरलेसवर बसवलं. "त्याला आमची सगळ्यांची नावं पाठ होती," चाचा म्हणाला. "आमची आणि आमच्या आयांची. कुणी मेला की आईचं नाव घेऊन पहिली मूठ माती तो टाकायचा. अशा माणसासाठी तू मेला नसतास?"

मी मेलो असतो. हे लपवण्यात अर्थ नाही. मला तो पूल फार आवडला होता. उपाशी, वेढलेला आणि तरीही न हलणारा माणूस मला लहानपणापासून पत्रकांत भेटत आला होता, पण हाडामांसाचा कधी भेटला नव्हता. दुसऱ्या दुपारी मी स्वतःच गोणी घेऊन जाऊन बसलो. पुढे काय झालं, असं विचारत राहिलो.

पुढे माघार झाली. कोरड्या नदीच्या पात्रातून तीन दिवस चालत जायचं होतं. जनरल सगळ्यांच्या शेवटी चालला, पाठीवर पाय तुटलेला एक तोफवाला घेऊन. मग तो मेजर झाला. मग कापसाच्या बाजाराचं एक गाव त्याने गोळी न झाडता घेतलं. त्या गावासाठी त्याने पहिली माफी लिहिली आणि चाचाने ती रेडिओवर वाचली. शस्त्रं खाली ठेवा. शाळेत या. वहीत नाव लिहा. घरी जा.

"आले?"

"आले. एकेकाला पिठाची पिशवी दिली आणि घरी पाठवलं. त्यातल्या दोघांनी पुढे मला बाजारात ओळखलं, आवाजावरून. चहा पाजला." हे सांगताना चाचा हसला होता. त्याचा एक दात सोन्याचा होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

त्यानंतर चार-पाच दुपारी तो काही बोलला नाही. दाभण आत जायचं, बाहेर यायचं. पिशव्यांचा ढीग वाढत गेला, सात झाडांना पुरून उरतील एवढा. मग एकदा, मी न विचारता, तो म्हणाला, "दुसऱ्या वेळीही मजकूर तोच होता. एक शब्द बदलला नव्हता."

नदीकाठचं शहर. त्यात अडकलेली शत्रूची शेवटची पलटण. तोवर लढाई जवळपास जिंकलेली होती. चाचाने तीन दिवस ती माफी वाचली, दर तासाला. पहिली खरी होती, म्हणून ते आले. पुन्हा शाळाच होती, पुन्हा वही. लिहिता येणाऱ्यांनी आपल्या हाताने नाव लिहिलं, न येणाऱ्यांचं कारकुनाने लिहिलं. संध्याकाळी जनरल स्वतः आला, मास्तरांच्या खुर्चीवर बसला आणि त्याने ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा वाचली. दुसऱ्या सकाळी ट्रक आले. जनरलने पायरीवर उभं राहून एकेकाला नावाने हाक मारली. वही न उघडता.

"घरी नेतोय म्हणाला," चाचा म्हणाला. "ट्रक नदीकडे गेले. घरं दुसऱ्या बाजूला होती."

महिन्याभरात जनरल देशाचा प्रमुख झाला. ती घोषणा वाचायलाही चाचालाच बोलावणं आलं होतं. तो यात्रेकरूंच्या बोटीत बसून समुद्र ओलांडून आला. मदिनेत काही वर्षं एका हॉटेलात यात्रेकरूंच्या चादरी धुतल्या. तिथे त्याच्या देशाचे लोक फार भेटायला लागले, तसा तो निघाला आणि रस्त्याच्या शेवटच्या टोकाला, कुवेतच्या सरहद्दीजवळ, इथे येऊन थांबला. तेव्हापासून त्याने माइक हातात धरलेला नाही.

वडिलांचे पत्रकांबद्दलचे दोन नियम होते. पत्रकाखाली नाव हवं. नाव घालता येत नसेल तर पुरावा हवा. दोन्ही नसेल तर ते पत्रक नव्हे, अफवा. त्या दुपारी यार्डचा भोंगा वाजला, सगळे कामाला लागले, आणि मी टाइमशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. चाचाला आधी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "लिही. ते लोक असे गेले हे कुठेतरी लिहिलेलं असावं. पण माझं नाव नको."

मी नाव घातलं नाही. मथळा दिला 'दुसरी माफी'. इंग्रजीत एक पान झालं. दुसऱ्या दिवशी चाचाला ते ओळीओळीने हिंदीत वाचून दाखवलं. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. शेवटची ओळ मी त्याला वाचून दाखवली नाही. मुद्दाम नाही. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, तशीच ती मला वाटली, मजकुराबाहेरची. ती ओळ अशी होती: ज्या माणसाने ही माफी रेडिओवर वाचली, त्याच्या तोंडून ऐकलेलं.

नाव नव्हतं, पुरावा होता. वडिलांच्या नियमात चोख बसत होतं. ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. त्यासाठी आमच्या घरातच वाढायला हवं.

चाचाच्या देशाचा एक ड्रायव्हर गावात होता. मी पान त्याला दिलं; त्याने त्याचं अरबी केलं आणि फोनवरून पुढे पाठवलं. आठवड्याभरात तेच पान मला एका अनोळखी नंबरवरून परत आलं. मी ते वडिलांना फोनवर पाठवलं. ते म्हणाले, "शाब्बास."

त्याच उन्हाळ्यात सरकारने मोहलत दिली होती. ज्याचा इकामा आणि काम जुळत नाही त्याने काही महिन्यांत जुळवून घ्यावं, दंड नाही, शिक्षा नाही. त्यानंतर मात्र धाडी पडतील आणि सापडेल त्याला त्याच्या देशाच्या विमानात बसवतील. कॅम्पात लग्नघराची गडबड सुरू झाली. जो तो फोटो काढून घेत होता. अख्ख्या कॅम्पात टाय एकच होता, इस्माईलभायचा, लाल रंगाचा, आणि तो गाठ न सोडता एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जात होता. आजही त्या वर्षीचे इकामे बघितले तर सुतार, प्लंबर, वेल्डर, सगळ्यांच्या गळ्यात तोच टाय आहे.

चाचाने फोटो काढला नाही. "नाव लिहायला बोलावतात त्या रांगेत मी जात नाही," तो म्हणाला. शिवाय त्याचा पासपोर्ट केव्हाच संपला होता. तो नवा करून मिळणार रियाधला, त्याच्याच देशाच्या वकिलातीत, जिथे खिडकीच्या वर जनरलचा फोटो.

मी त्याच्या मागे लागलो. दिवसचे दिवस.

"चाचा, इथे जनरलचं राज्य नाही. हा कायदा आहे."

"माझ्या हातात माफीचा कागद होता त्यावरही कायदाच लिहिला होता."

"मोहलत संपली की तुला पकडतील आणि विमानात बसवतील. ते विमान कुठे उतरणार?"

माझा मुद्दा बिनतोड होता. गेलं नाही तर नक्की जनरलच्या हातात, गेलं तर कदाचित सुटका. मी टेबलावर बोट आपटून हे सांगितलेलं मला आठवतं. चाचाने माझ्या बोटाकडे बघितलं.

"तू येशील बरोबर?"

"येईन ना."

इस्माईलभायने हे ऐकलं होतं. चाचा गेल्यावर त्याने मला क्रेनच्या चाकाशी गाठलं. "एका हातानं त्याची गोष्ट गावभर वाटतंस, नि दुसऱ्या हातानं त्यालाच त्यांच्या दारात नेतंस. डोका हाय की खोका?"

"पत्रकात नाव नाही त्याचं."

"नाव नाय. पन त्या रेडिओवर वाचनारे किती व्हते रं? धा?"

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आपण घाबरून गप्प बसलो तर जनरल जिंकलाच." वाक्य चांगलं होतं. वडिलांच्या एका पत्रकात होतं. इस्माईलभाय शिडी चढून केबिनमध्ये गेला. त्याने काय विचारलं हे मी चाचाला सांगितलं नाही.

सकाळच्या बसने निघालो. चाचाने पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून तो सहा तास पाठ न टेकता बसला. दुपार कलताना रियाधच्या जुन्या बाजारपेठेत, बत्ह्यात, उतरलो. इस्माईलभायच्या चुलतभावाच्या खोलीवर सोय होती. पिकअप गाड्यांवर ओल्या खारकांचे ढीग लागले होते, पिवळे, लाल, वर माश्या. चाचाने एक खारीक चाखून बघितली आणि दुकानदाराला दिसणार नाही अशी रुमालात टाकली. "पिशवी बांधली नव्हती," म्हणाला. जेवताना तो खूप बोलला. पासपोर्ट मिळाला तर इकाम्यावर रिगर लिहायचं की शेतमजूरच ठेवायचं, यावर आमचा वाद झाला. शेतमजूरच ठेवू आणि काम कागदाला जुळवून घेऊ, असं ठरलं.

दुसऱ्या सकाळी वकिलातीत गेलो. बाहेर पहारेकऱ्याची खोली होती आणि खोलीच्या खिडकीत एक वही. येणाऱ्याचं नाव, फोन, बरोबरच्या माणसाचं नाव. चाचाने पेन घेतलं. इतक्या महिन्यांत मी त्याचं अक्षर पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या मुलाचं अक्षर होतं, एकेक वेलांटी जागच्या जागी. पहारेकऱ्याने लोखंडी दार ढकललं, चाचा आत गेला, आणि वही माझ्याकडे फिरवली गेली. मी पेन टेकवलं.

तेवढ्यात काय वाटलं म्हणून वर बघितलं. दाराच्या पलीकडे चाचा वळून उभा होता. त्याने हात लांब केला, तळवा जमिनीकडे ठेवला आणि आडवा हलवला.

थांब.

मी पेन खाली ठेवलं. पहारेकऱ्याला म्हटलं, "मी टॅक्सीवाला." चाचा पाठ करून पायऱ्या चढला. खांदे हलत नव्हते.

मी समोरच्या भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. सावली आखडत माझ्या चपलांपर्यंत आली. लोक आत जात होते, कागद हातात धरून बाहेर येत होते. मी दाराकडे बघत होतो. मधल्या वेळात पलीकडच्या फाटकातून काळ्या काचांच्या दोन गाड्या बाहेर पडल्या, त्यांच्याकडे मी नीट बघितलंही नाही. दुपारच्या नमाजाच्या वेळी खिडकी बंद झाली. मी पहारेकऱ्याला विचारलं.

"आत कुणी नाही," तो म्हणाला. "सगळे गेले."

"कुठून?"

"दार एकच आहे."

चाचाचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. वहीचं ते पान उलटलेलं होतं.

मग मी कामावर परत आलो आणि माझं काम मला करावं लागलं. रोज सकाळी त्याच्या नावासमोर 'A'. महिना झाल्यावर 'कामावरून पळाला' असा कागद भरतात, तोही टाइमकीपरच भरतो. त्यात कारणाचा एक रकाना असतो. मी लिहिलं, अज्ञात. कुणी म्हणालं तो विमानतळावर दिसला, दोन माणसांच्या मधे चालताना. कुणी म्हणालं मदिनेत आहे, चादरी धुतो. माझं पान त्या खिडकीमागच्या टेबलावर पोचलं होतं, की संपलेला पासपोर्टच पुरेसा होता, हे मला आजही ठाऊक नाही. पान पोचलं नसेलच, असं मी कधी कधी पूर्ण सकाळभर धरून चालू शकतो. मग दुपार होते, यार्ड गप्प होतं आणि कंटेनर कडकड वाजायला लागतात.

इस्माईलभायने 'मी म्हणलो व्हतो' असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. त्या वर्षी खजुरींना पिशव्या कुणी बांधल्या नाहीत. शिवलेल्यांचा ढीग भांडारात पडून राहिला. पाखरांनी घड फोडले, फळं गळून वाळूत आंबली आणि दोन महिने कुंपणाच्या कडेला आंबूस वास होता. पुढच्या वर्षापासून मी बांधायला लागलो. त्याच पिशव्या. अजून पुरतात.

जनरलच्या लष्करी कारकिर्दीबद्दल मी पुष्कळ विचार करतो. तो पुलावरच मेला असता तर मी त्याच्यावर आयुष्यभर पत्रकं लिहिली असती. पुलावरचा माणूस आणि पायरीवरचा माणूस वेगळे आहेत, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. ज्या डोक्याने चाळीस आयांची नावं जपली, त्याच डोक्याने ती वही पाठ केली. चांगुलपणा कुठे संपला याची जागा मी शोधत बसतो आणि ती मला सापडत नाही, आणि याची भीती वाटते, कारण मलाही माझा पहिला मजकूर खराच वाटला होता. नावं माझ्या लक्षात फारशी राहत नाहीत. एक राहिलं आहे.

आज दुपारी फहद पिशव्या बांधायला आला. त्याच्या आजोबांचा खजुरीचा मळा होता, हे मला माहीत नव्हतं. त्याची गाठ माझ्यापेक्षा चांगली बसते. खालून इस्माईलभाय 'डावीकडं घे, डावीकडं' म्हणून ओरडत होता. जुनी शिवण बोटांनी चाचपत फहदने विचारलं, "या कुणी शिवल्या?"

"ज्याच्यासमोर 'A' आहेत, त्याने."

"तू तर म्हणालास रिगर होता."

"इकाम्यावर शेतमजूर होता."

त्याने घडाच्या देठाशी कापलेली जुनी पाती बघितली, बुंध्यावरच्या चढायच्या खाचा बघितल्या. "चांगला शेतमजूर होता," तो म्हणाला, आणि पुढच्या घडाकडे वळला.

महिनाअखेर मी जातो आहे. काल वडिलांचा फोन होता. विचारत होते, इतकी वर्षं काही लिहिलं का नाहीस. म्हटलं, लिहितोय. त्यांनी सवयीने विचारलं, "पुरावा आहे?"

"होता. काढून टाकला."

त्यांच्या हिशेबात ही अफवा आहे आणि मी ते मान्य करतो. वर जो पूल लिहिला आहे तो पूल नव्हता. नदीकाठचं शहर नदीकाठी नव्हतं. माफी लोकांपर्यंत पोचली ती रेडिओवरून नव्हे, आणि चाचाला ज्या वस्तूची भीती होती ती वॉकी-टॉकी नव्हती. इस्माईलभाय आणि फहद यांची नावं वेगळी आहेत. जनरलला हा लेख कुणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, तरी त्यात त्याला हाक मारता येईल असा एकही माणूस सापडणार नाही.

दोन गोष्टी मी बदललेल्या नाहीत. एक तो हात, दारापलीकडून आडवा हललेला. आणि दुसरं माझं नाव, जे या लेखावर आहे. गेटवरच्या वहीत ते लिहायचं राहिलं होतं.